दिवाळीची नानकटाई आणि पिठाची मर्यादा

इंग्लंडमध्ये गुड फ्रायडेला दालचिनी, जायफळ आणि मनुका घातलेले गोड बन भाजण्याची जुनी चाल आहे. मुंबई-गोव्याकडील काही बेकऱ्यांतही त्या दिवसांत ते मिळतात. आपल्या जैन घरांत मात्र या जातीचा बन रुजला नाही. पीठ पाण्यात भिजवायचे, यीस्टने फुगवायचे, पुष्कळदा त्यात अंडेही घालायचे, या तिन्ही गोष्टी आपल्या आचाराच्या आड येणाऱ्या. सणासाठी भट्टीत भाजलेला मसालेदार गोड पदार्थ म्हणून कोल्हापुरातील व्यापारी घरांत मान मिळाला तो नानकटाईला.

‘नान’ हा फारसी शब्द. अर्थ रोटी किंवा पाव. सुरतेस डच वखार होती, तेथील पावाची बेकरी पुढे एका पारशी गृहस्थाकडे आली, ताडीने फुगवलेला पाव घेण्यास स्थानिक गिऱ्हाईक कचरत असे आणि त्यातूनच ताडी व अंडे वगळलेली ही खुसखुशीत वडी जन्मली, अशी हकिकत सांगतात. हकिकतीत भर किती हा प्रश्न निराळा. पण गिऱ्हाइकाच्या आचारापुढे भट्टीने नमते घेतले, हे व्यापारी मनाला पटण्यासारखे आहे. नानकटाईत घातले जाणारे जायफळ तेवढे निष्पाप नाही. त्याची मक्तेदारी मिळवण्यासाठी डच कंपनीने १६२१ मध्ये बांदा बेटांवर भीषण नरसंहार केला होता. अहिंसक स्वयंपाकघरातील डबीलाही असा इतिहास चिकटलेला असतो.

आमच्या पिढीने पाहिलेली रीत अशी : लक्ष्मीपुरीतून मैदा, रवा आणि साखर आणायची, घरचे तूप घ्यायचे आणि सारे डब्यात भरून बेकरीत पोचवायचे. पाव निघाल्यावर उतरत्या आचेवर पत्रे लागत. प्रत्येक पत्र्यावर नावाची चिठ्ठी. पाच-पाच किलोंचे डबे भरून येत आणि ते तुळशीच्या लग्नापर्यंत पुरत. अडचण होती ती त्याच पत्र्यांची. त्यांवर आधी काय भाजले गेले, हे कोण सांगणार? पुढे घरोघरी ओव्हन आले आणि ती शंका मिटली. पण मर्यादेचा प्रश्न उरलाच.

दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवसांची मानतात. ती दळल्या दिवसापासून मोजायची. पाण्याचा अंश नसलेल्या, केवळ पीठ, तूप आणि साखर यांच्या पदार्थाला पिठाचीच मर्यादा लागू होते. बन एका दिवसात बाद होतो आणि नानकटाई टिकते, त्याचे शास्त्रीय कारण हेच. मात्र या गणनेत वर्षाऋतू कार्तिक पौर्णिमेपर्यंत चालतो. म्हणजे हवेत गारवा आला तरी दिवाळीतील नानकटाईला मुदत तीनच दिवसांची! घराघरांत आचार कमी-अधिक असतो. परंतु ज्यांना तो सांभाळायचा आहे, त्यांनी पुड्यातील मैद्याचा नाद सोडावा. तो कधी दळला, हे पुड्यावरच्या तारखेवरून कळत नाही.

त्याऐवजी चांगला गहू दळून आणावा आणि कणीक वस्त्रगाळ करून घ्यावी. वस्त्रगाळ कणीक २०० ग्रॅम, ताजे दळलेले बेसन ५० ग्रॅम, साजूक तूप १५० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, एक चमचा वेलदोड्याची पूड, पाव चमचा किसलेले जायफळ, चिमूटभर मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. या मापात पंचवीस-सव्वीस नानकटाया होतात. अनेक पाककृतींत चमचाभर दही सांगितलेले असते. ते घालू नये : बेसनाबरोबर कच्चे दही म्हणजे द्विदल, शिवाय दह्याबरोबर पाणी आलेच.

खरे काम तुपाचे आहे. तूप थिजलेले हवे, वितळलेले नको. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते पातळ झाले असेल, तर भांडे गार पाण्यात ठेवावे. परातीत तूप आणि साखर तळहाताने एकाच दिशेने दहा-पंधरा मिनिटे फेसावी. पांढरीशुभ्र आणि हलकी झाली की थांबावे. या फेसण्यात कोंडलेली हवाच नानकटाईला हलकेपणा देते. यीस्टचे काम येथे हात करतो. मग पीठ थोडे-थोडे मिसळावे, मळू मात्र नये. गोळा अर्धा तास झाकून ठेवावा, चपट्या गोळ्या कराव्यात आणि वर चारोळी दाबावी. ओव्हन १६० अंशांवर आधी तापवून १८ ते २० मिनिटे भाजावे. ओव्हन नसेल तर जाड कढईत मिठाचा थर, त्यावर कडे, त्यावर थाळी आणि घट्ट झाकण. दहा मिनिटे कढई तापवून पुढे मंद आचेवर पंचवीस मिनिटे. काढताना नानकटाई मऊच लागते, म्हणून पुन्हा आत ढकलू नये. ती निवल्यावर खुसखुशीत होते.

कोल्हापूरकरांना गुळाचा मोह होणारच. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची बाजारपेठ वसवली, तेव्हापासून या गावाचे आणि गुळाचे नाते जोडलेले आहे. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण गुळात ओल असते. गुळाची नानकटाई पसरते, चिवट होते आणि बिनपाण्याच्या हिशेबात बसत नाही. करायचीच तर थोडी करून त्याच दिवशी संपवावी.

अमावास्येच्या पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढवून झाला की घरी लोकांची ये-जा सुरू होते, ती भाऊबीजेपर्यंत. त्यासाठी एकच मोठा घाणा न काढता दोन लहान घाणे काढावेत : पहिल्यासाठी चतुर्दशीच्या सकाळी ताजे दळण, तो पाडव्यापर्यंत, दुसऱ्यासाठी पाडव्याला नवे दळण, तो भाऊबीज आणि तिच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. दोन्ही वेळा भाजणे सूर्यास्तापूर्वी आटोपावे. डब्यावर दळणाची तिथी लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. बँकेत मुदत ठेवीच्या पावतीवर तारीख घालत असू, तशीच.