रुग्णाची संस्कृती शिकवायची म्हणजे काय?

‘जाणणं’ आणि ‘गृहीत धरणं’ यांत फरक आहे. आज तो फरक आपण रुग्णाच्या खाटेपाशी नेऊन पाहू.

मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९९८ साली एक लेख लिहिला. त्यात एक प्रसंग येतो. लॅटिनो बाईची शस्त्रक्रिया होऊन काही तास झालेत. तिथले एक लॅटिनो डॉक्टर नर्सला सांगतात, हिला फार दुखतंय असं दिसतं. नर्स ते मनावर घेत नाही. कारण? परक्या संस्कृतीतल्या रुग्णांविषयीचा अभ्यासक्रम तिने केलाय, आणि हे लोक दुखणं वाढवून सांगतात असं ती त्यात शिकलीय!

आता बघा, समूहाविषयीचं एक ढोबळ विधान घेतलं आणि डोळ्यांसमोरचा पुरावा बाजूला सारला. काहीच माहीत नसतं तर तिनं निदान विचारलं तरी असतं. म्हणूनच या लेखिकांनी ‘सांस्कृतिक क्षमते’ऐवजी ‘सांस्कृतिक विनम्रता’ म्हटलं. ती एका परीक्षेत संपत नाही, स्वतःला जन्मभर तपासत राहावं लागतं.

मग शिकवायचं काय? आम्ही म्हणू, विचारायला शिकवायचं. मानसोपचारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी सहकाऱ्यांसह १९७८ मध्येच ही वाट दाखवली होती: आजार कशामुळे झाला असं रुग्णाला वाटतं, तो आत्ताच का झाला, सगळ्यात भीती कशाची वाटते, हे त्यालाच विचारा.

आपल्याकडे २०१९पासून एमबीबीएसला वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचं ‘एटकॉम’ मॉड्यूल आहे. तिथे हे कसं उतरेल? समजा, मधुमेह असलेल्या एक आजी आहेत. विद्यार्थी सांगतो, ‘आजी, उपास बंद करा.’ आजी मान डोलावतात. एकादशीला मात्र नेहमीची गोळी घेऊन दिवसभर नुसत्या पाण्यावर राहतात. काही गोळ्यांनी अशा वेळी साखर एकदम उतरते, घेरी येते, जिवावरही बेततं. ‘बायका उपास करतात’ एवढं पाठ करून भागत नाही. कुणी निर्जळी करते, कुणी साबुदाण्याची खिचडी खाते आणि तिची साखर उलट चढते, कुणी उपास करतच नाही. ‘आजी, उपासाला काय खाता? गोळीचं काय करता?’ एवढं विचारलं, तर गोळी आधीच बदलून देता येते.

तेव्हा परीक्षकांनीही ‘अमुक समाजाच्या चालीरीती लिहा’ असा प्रश्न घालू नये. विद्यार्थ्यानं रुग्णाला काय विचारलं आणि उत्तर ऐकून उपचारात काय बदललं, गुण त्याला द्यावेत.