शेततळ्यातील पाण्याचा सामू व चुन्याचा योग्य वापर

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर इत्यादी तालुक्यांत द्राक्षबागांसाठी पाणी साठविण्याच्या हेतूने प्लास्टिकचे अस्तर घातलेली अनेक शेततळी झाली आहेत. २०१६ साली राज्य शासनाने सुरू केलेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेमुळे त्यांत भर पडली. या साठ्यात कटला, रोहू व मृगळ हे मासे वाढविल्यास पाणी तेच राहून शेतकऱ्यास जोडउत्पन्न मिळू शकते. मात्र तळ्यात चुना टाकणे हितकारक असते एवढेच ऐकून, पाण्याची परीक्षा न करता चुना टाकल्यास आठ-दहा महिने वाढविलेले मासे एका दिवसात मरण्याचा संभव असतो. चुना हे औषध आहे. रोग ओळखल्यावाचून ते देऊ नये.

सामू म्हणजे काय?

पाणी आम्ल आहे की विम्ल, हे ज्या अंकाने दाखवितात त्यास सामू म्हणतात. ७ हा अंक उदासीन पाण्याचा होय. त्याखाली पाणी आम्ल व त्यावर विम्ल असते. सामू एका अंकाने उतरला की आम्लता दसपट वाढते. वर सांगितलेल्या माशांना ७.५ ते ८.५ सामूचे पाणी उत्तम मानवते.

सामू दिवसभर एकच राहत नाही. रात्री मासे, शेवाळ व तळाशी कुजणारा गाळ हे सर्व कर्बाम्लवायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, पाण्यात सोडतात. त्यामुळे पहाटे सामू सर्वांत खाली असतो. दिवस उगवल्यावर शेवाळ सूर्यप्रकाशात हा वायू शोषून घेते व दुपारी तीन-चारच्या सुमारास सामू सर्वांत वर जातो. म्हणून केवळ एका वेळेच्या परीक्षेवर निर्णय घेणे चुकीचे ठरते.

हा चढउतार किती व्हावा हे पाण्याच्या अल्कतेवर अवलंबून असते. अल्कता म्हणजे पाण्याची आम्ल पचविण्याची शक्ती होय. लिटरमागे ५० मिलिग्रॅमहून अधिक अल्कता असलेले पाणी सामू सांभाळून धरते. २० मिलिग्रॅमहून कमी असलेल्या पाण्यात तो सहज ढळतो.

कोठे चुना लागतो, कोठे लागत नाही

जिल्ह्याचा पूर्व भाग कमी पावसाचा आहे. तेथील काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे आढळतात आणि विहिरींचे पाणी बहुधा जड व विम्ल असते. अशा पाण्याने भरलेल्या तळ्यास प्रायः चुन्याची गरज नसते. याउलट इगतपुरी व त्र्यंबकेश्वरकडील मुसळधार पावसाच्या भागात केवळ पावसाच्या पाण्याने भरलेल्या तळ्यात क्षार फारच थोडे असतात. मातीच्या तळ्यास तळची जमीन थोडाफार चुना पुरविते. प्लास्टिकच्या अस्तरामुळे तीही वाट बंद होते. शिवाय खाद्य अधिक पडले की त्यापासून होणाऱ्या अमोनियाचे जंतूंकडून रूपांतर होताना अल्कता खर्ची पडते. अशा तळ्यात सामू हळूहळू उतरत जातो व तेथे चुना उपयोगी पडतो.

चुन्याचे तीन प्रकार

चुनखडीची भुकटी सौम्य असते. ती सावकाश विरघळते व सामू धोक्याच्या मर्यादेपर्यंत चढवीत नाही. दहा लाख लिटर पाण्यात २० किलो शुद्ध भुकटी पूर्ण विरघळल्यास अल्कता लिटरमागे २० मिलिग्रॅमने वाढते. मासे असलेल्या तळ्यास हीच सर्वांत सुरक्षित होय.

कळीचा चुना भाजलेला व दाहक असतो. पाणी लागताच तो उकळतो. मासे सोडण्यापूर्वी रिकामे तळे निर्जंतुक करण्यासाठीच तो वापरावा.

विरवलेला चुना त्वरित परिणाम करतो. तो पाण्यातील कर्बाम्लवायूशी संयोग पावून अल्कता वाढवितो. मात्र तो वायू संपल्यावरही चुना टाकीत राहिल्यास सामू एकदम चढतो, पाणी पांढुरके होते व चुनखडीचा साका तळाशी बसतो. म्हणून दहा लाख लिटर पाण्यास एका दिवसात ५ किलोहून अधिक विरवलेला चुना देऊ नये. तो पहाटेच द्यावा. कारण त्या वेळी कर्बाम्लवायू विपुल असतो. आदल्या दिवशी चुना भिजवून थंड होऊ द्यावा, भरपूर पाण्यात पातळ करावा, गाळून घ्यावा व सर्व पृष्ठभागावर शिंपावा.

मत्स्यबीजाच्या लहान टाक्यांसाठी चुन्याची निवळी सोयीची असते. एक लिटर निवळीत सुमारे दीड ग्रॅमच चुना उतरतो. पाणी गरम केल्यास अधिक नव्हे, तर उलट कमी विरघळतो. दहा हजार लिटरच्या टाकीस ५० ग्रॅम चुना द्यावयाचा झाल्यास सुमारे ३३ लिटर निवळी लागते. ती बारीक धारेने सोडावी. निवळीचे पिंप झाकून ठेवावे. उघडे राहिल्यास हवेतील कर्बाम्लवायूमुळे वर साय धरते व निवळीचा जोर कमी होतो. काचेच्या टाकीत समुद्री प्रवाळ पाळणारे लोकही हीच निवळी, तिच्या ‘काल्कवासर’ या जर्मन नावाने, रात्री थेंबाथेंबाने देतात. रात्री उतरणारा सामू सावरणे व प्रवाळास चुना पुरविणे असे दोन्ही हेतू त्यात साधतात.

अतिरेकाचा धोका

माशांच्या विष्ठेपासून व उरलेल्या खाद्यापासून पाण्यात अमोनिया होतो. २५ अंश सेल्सिअस तपमानात सामू ७ असता त्याचा शंभरातील एक भागही विषारी रूपात नसतो. सामू ८ झाला की पाच भाग व ९ झाला की पस्तीसहून अधिक भाग विषारी होतात. म्हणजेच काल निरुपद्रवी असलेले पाणी आज चुन्याच्या एका घमेल्याने घातक होऊ शकते.

पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडझाप करू लागले, तर ते प्राणवायूच्या कमतरतेचे लक्षण समजावे. चुन्याने प्राणवायू मिळत नाही. अशा वेळी खाद्य बंद करावे, पंपाने तळ्यातलेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे पाडावे व शक्य तर ताजे पाणी सोडावे. अल्कता पुरेशी असूनही पहाटे सामू खाली जात असेल, तर तो साठलेल्या कर्बाम्लवायूचा परिणाम असतो. तेथेही पाणी खेळविणे व गाळ काढणे हाच उपाय होय.

परीक्षा कशी करावी

द्राक्षबागाईतदारास चुना नवीन नाही. बोर्डो मिश्रण करताना मोरचुदाला चुना पुरला की नाही हे तो लोखंडी खिळा बुडवून पाहतो. खिळ्यावर तांबूस थर आल्यास आणखी चुना घालतो. हाच सावधपणा तळ्यासाठीही बाळगावा. मात्र मोरचूद माशांना विषारी असल्याने फवारणीची भांडी व पंप तळ्यात कधीही धुऊ नयेत.

ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी पुढील क्रम पाळावा :

१. सामूदर्शक कागदाने अथवा मापकाने सूर्योदयापूर्वी व दुपारी चारच्या सुमारास, असे तीन दिवस सामू पाहून वहीत नोंदवावा.

२. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत देऊन अल्कता काढून घ्यावी.

३. पहाटेचा सामू ६.५ हून कमी व अल्कताही कमी असेल तरच चुना द्यावा.

४. दुपारचा सामू ८.५ हून अधिक असल्यास चुना मुळीच देऊ नये.

५. मात्रा दिल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा सामू पाहावा व मगच पुढील मात्रा ठरवावी.

६. चुना हाताळताना डोळे झाकावेत, हातमोजे घालावेत व वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. डोळ्यांत चुना गेल्यास ते स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावेत व तत्काळ दवाखाना गाठावा.

सामू पाहण्याच्या कागदास अल्प खर्च येतो. तो वाचविण्यासाठी वर्षाचे मत्स्यउत्पन्न पणास लावणे शहाणपणाचे नव्हे.