भीड आणि भय

सुन्या जिन्यात मागे अनोळखी पाऊल वाजले की आपल्या अंगावर काटा येतो. मेंदूतील बदामाच्या आकाराचा अमिग्डाला हा भाग विचाराच्या आधीच इशारा देतो. आपण मात्र ‘उगीच कोणाला काय वाटेल’ म्हणून तो गिळतो. भीड भिकेची बहीण म्हणतात. येथे ती जिवावर बेतते. मनाला खटकले की आपण उजेडात जावे, हाक मारावी. त्याला पुरावा लागत नाही. हात उगारायला मात्र कारण लागते. भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ४० प्रमाणे, हल्ल्याच्या प्रयत्नातून वा धमकीतून शरीराला धोक्याची वाजवी भीती उपजताच, गुन्हा घडण्यापूर्वीही, बचावाचा हक्क सुरू होतो. भीती सरताच संपतो. शंका खोटी ठरली तर फार तर आपले हसे होईल. तेवढे आपण सोसावे.