नगर विक्रीकर व मालमत्ता करातील कपात

नगरपालिका, महानगरपालिका किंवा कौंटी यांसारख्या स्थानिक संस्थेने किरकोळ विक्रीवरील कर नव्याने बसवून अथवा त्याचा दर वाढवून, त्यापासून मिळणाऱ्या जादा उत्पन्नाच्या प्रमाणात जमीन व इमारती यांवरील मालमत्ता कर कमी करणे, हा स्थानिक आयव्ययातील करांच्या अदलाबदलीचा एक प्रकार होय. हा उपाय मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळतो; कारण तेथे विक्रीकर आकारण्याचा अधिकार घटक राज्यांना असून बहुतेक राज्यांनी त्याचा काही भाग आपल्या शहरांना व कौंटींना दिलेला आहे. अदलाबदलीनंतर संस्थेचे एकूण उत्पन्न साधारणतः पूर्वीइतकेच राहावे, असा हेतू असतो. मात्र कर देणारी माणसे व त्यांनी द्यावयाच्या रकमा तशाच राहत नाहीत. करभार कोणाकडून कोणाकडे सरकतो, हाच या विषयाचा गाभा आहे.

ऐतिहासिक आढावा : एकोणिसाव्या शतकापासून अमेरिकन शहरांचे प्रमुख उत्पन्न मालमत्ता करापासून येत असे. १९२९ नंतरच्या महामंदीत घरमालकांना व शेतकऱ्यांना कर भरणे अशक्य झाले, थकबाकी वाढली आणि अनेक राज्यांनी महसुलाचे नवे साधन म्हणून विक्रीकराचा आश्रय घेतला. न्यूयॉर्क शहराने १९३४ मध्ये बेकारांच्या साहाय्यासाठी २% विक्रीकर बसविला. तात्पुरता म्हणून आलेला हा कर पुढे कायम झाला. १९५० मध्ये मिसिसिपी राज्याने व १९५५ च्या ब्रॅडली-बर्न्झ कायद्यान्वये कॅलिफोर्नियाने स्थानिक विक्रीकराची अशी पद्धत स्वीकारली, की कराची वसुली राज्याने करावी आणि विक्री ज्या ठिकाणी झाली त्या स्थानिक संस्थेस तिचा वाटा द्यावा. या पद्धतीमुळे लहान शहरांनाही स्वतंत्र वसुलीयंत्रणा न उभारता विक्रीकर घेणे शक्य झाले.

१९७० नंतरच्या दशकात घरांच्या किंमती वेगाने वाढल्या. करनिर्धारण बाजारमूल्यावर आधारलेले असल्याने मालमत्ता कराची देयकेही वाढली. घराची किंमत कागदोपत्री वाढली, तरी मालकाच्या हाती येणारे उत्पन्न वाढत नाही. विशेषतः निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धांना ही वाढ जाचक वाटू लागली. ६ जून १९७८ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रस्ताव १३’ मोठ्या बहुमताने मंजूर केला. त्यानुसार मालमत्ता कराचा सर्वसाधारण दर निर्धारित मूल्याच्या १% इतका मर्यादित झाला. मूल्ये १९७५ च्या पातळीवर नेण्यात आली आणि मालमत्तेची विक्री होईपर्यंत त्यांत वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढ करण्यास मनाई झाली. परिणामी राज्यातील मालमत्ता कराचे उत्पन्न एकदम निम्म्याहूनही कमी झाले. ही प्रत्यक्ष अदलाबदल नव्हती. तथापि त्यानंतर शहरांना विक्रीकरातील आपल्या वाट्याकडे अधिक आस्थेने पाहणे भाग पडले.

विधिविषयक तरतुदी : मतदारांना कपातीचे आश्वासन देऊन विक्रीकर वाढवावयाचा आणि पुढे ते उत्पन्न नव्या खर्चाकडे वळवावयाचे, असे होऊ नये म्हणून निरनिराळ्या राज्यांनी निरनिराळी बंधने घातली आहेत. जॉर्जिया राज्यातील १९७५ च्या कायद्यानुसार सार्वमताने १% स्थानिक विक्रीकर बसविता येतो. त्याच्या उत्पन्नाच्या प्रमाणात पुढील वर्षीचा मालमत्ता कराचा दर उतरवावा लागतो व ही कपात करदात्याच्या देयकावर दाखवावी लागते. टेक्ससमध्ये शहरांना मालमत्ता करातील सवलतीसाठी जादा विक्रीकर आकारता येतो. मात्र राज्याच्या ६.२५ टक्क्यांखेरीज सर्व स्थानिक विक्रीकरांची बेरीज २ टक्क्यांपेक्षा अधिक होऊ शकत नाही. आयोवात स्थानिक विक्रीकराच्या मतपत्रिकेवरच, उत्पन्नाचा किती हिस्सा मालमत्ता करातील सवलतीसाठी राखून ठेवला जाईल, हे नमूद करावे लागते.

‘कपात’ या शब्दाचा अर्थ वाटतो तितका सरळ नाही, हे विस्कॉन्सिनच्या उदाहरणावरून दिसते. तेथील कौंटींना ०.५% विक्रीकर केवळ मालमत्ता कराची आकारणी प्रत्यक्ष कमी करण्यासाठीच घेता येतो. ब्राउन कौंटीने २०१८ पासून असा कर सुरू करून त्याचे उत्पन्न भांडवली कामांवर खर्च केले. करदात्यांच्या एका संघटनेने त्यास न्यायालयात आव्हान दिले. हा कर नसता, तर त्या कामांसाठी कर्ज काढून त्याचा बोजा मालमत्ता करावर पडला असता, हा कौंटीचा युक्तिवाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ग्राह्य धरला. म्हणजेच न झालेली वाढ हीसुद्धा एका अर्थाने कपात ठरली. कायद्यात आधारभूत वर्ष व मोजणीची रीत स्पष्ट नसेल, तर नागरिकाला आपल्या देयकात कपात झाली की नाही हे ताडून पाहण्याचे साधन उरत नाही. याच राज्यातील मिलवॉकी शहराने १ जानेवारी २०२४ पासून आकारलेला २% विक्रीकर अदलाबदलीसाठी नव्हता. निवृत्तिवेतनाचे दायित्व आणि पोलीस व अग्निशामक सेवा यांसाठी तो होता. त्यामुळे नगर विक्रीकरातील प्रत्येक वाढ मालमत्ता करातील कपातीशी जोडलेली असते, असे समजणे चूक आहे.

करभाराची विभागणी : एका काल्पनिक शहरात करपात्र वस्तूंची वार्षिक विक्री ४०० कोटी डॉलर आणि मालमत्ता कराची एकूण आकारणी १० कोटी डॉलर आहे, असे मानू. विक्रीकराचा दर ०.५ टक्क्याने वाढविल्यास, विक्री न घटल्यास, २ कोटी डॉलर मिळतील आणि मालमत्ता कर २० टक्क्यांनी कमी करता येईल. ज्या कुटुंबाचा मालमत्ता कर १,५०० डॉलर व करपात्र खरेदी ३०,००० डॉलर आहे, त्याचे ३०० डॉलर वाचतील व १५० डॉलर जास्त जातील; निव्वळ लाभ १५० डॉलर. स्वतःच्या घरात राहणाऱ्या व ९०० डॉलर मालमत्ता कर भरणाऱ्या वृद्ध विधवेची करपात्र खरेदी ८,००० डॉलर असेल, तर तिचे १८० डॉलर वाचून ४० डॉलर जास्त जातील. मात्र वर्षाला १६,००० डॉलरांची करपात्र खरेदी करणाऱ्या भाडेकरूवर ८० डॉलरांचा जादा भार पडेल. तो राहतो त्या इमारतीचा कर २०,००० डॉलर असेल, तर ४,००० डॉलरांची बचत प्रथम घरमालकाच्या हाती पडेल. तिच्यातून भाडे उतरेल की नाही, हे घरांच्या मागणी-पुरवठ्यावर अवलंबून राहते. घरांची टंचाई असलेल्या शहरात ते लवकर उतरत नाही.

अल्प उत्पन्नाची कुटुंबे मिळकतीचा मोठा भाग उपभोगावर खर्च करीत असल्यामुळे सर्वसाधारण विक्रीकर हा प्रतिगामी समजला जातो. घरी शिजवावयाचे अन्नपदार्थ व वैद्याने लिहून दिलेली औषधे यांना सूट दिल्यास त्याची तीव्रता कमी होते. पण करपात्र विक्रीचा पाया आकुंचित झाल्याने तितक्याच उत्पन्नासाठी दर अधिक ठेवावा लागतो. मालमत्ता कराच्या अंतिम भाराविषयी मात्र अर्थशास्त्रज्ञांत एकमत नाही. जुन्या मतानुसार जमिनीवरील कराचा भार जमीनमालकावरच राहतो, कारण जमिनीचा पुरवठा वाढत अथवा घटत नाही. इमारतीवरील कर मात्र भाड्यातून राहणाऱ्याकडे सरकतो. पीटर मिस्कोव्स्की यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या मतानुसार या कराचा सरासरी भार देशातील एकूण भांडवलाच्या मालकांवर पडतो व म्हणून तो बराचसा प्रगतिशील ठरतो. पहिले मत स्वीकारल्यास अदलाबदलीमुळे होणारा अन्याय सौम्य दिसतो. दुसरे स्वीकारल्यास तो ठळक होतो.

मालमत्ता करातील कायमची कपात घराच्या किंमतीत मिसळते. स्थानिक कर व सेवा यांचा घरांच्या किंमतींशी असलेला हा संबंध वॉलेस ओट्स यांनी १९६९ मध्ये दाखवून दिला. वरील उदाहरणातील ३०० डॉलरांची वार्षिक बचत ५% व्याजदराने सु. ६,००० डॉलर किंमतीची होते. कपातीच्या वेळी घर असणाऱ्यास ही रक्कम अनायासे मिळते. नंतर घर घेणाऱ्यास ती खरेदीच्या किंमतीतच मोजावी लागते व विक्रीकरही चुकत नाही.

अनुकूल बाजू : या उपायाच्या बाजूने केला जाणारा सर्वांत प्रभावी युक्तिवाद म्हणजे परगावच्या लोकांचा हातभार. उपनगरांतून नोकरीसाठी येणारे, पर्यटक व आसपासच्या गावांतील ग्राहक शहराचे रस्ते, पोलीस व दिवाबत्ती यांचा लाभ घेतात, पण शहराला मालमत्ता कर देत नाहीत. वरील शहरातील चतुर्थांश विक्री बाहेरच्यांना होत असेल, तर २ कोटींपैकी सु. ५० लक्ष डॉलर त्यांच्याकडून येतील. याउलट, मालमत्ता करातील कपातीचा काही भाग परगावी राहणाऱ्या मालकांना व मोठ्या कंपन्यांना मिळतो, हेही हिशेबात धरले पाहिजे. विक्रीकर खरेदीगणिक थोडाथोडा भरला जातो. त्यामुळे एकरकमी देयकाइतका तो जाणवत नाही. हा काहींच्या मते गुण आहे. परंतु जो कर जाणवत नाही त्याच्या खर्चाबद्दल नागरिक जाबही विचारीत नाहीत, असा त्यावरील आक्षेप आहे.

प्रतिकूल बाजू : शहराचा दर शेजारच्या गावापेक्षा अधिक झाल्यास मोठी खरेदी सीमेपलीकडे जाते. वाहनांवरील कर बऱ्याच ठिकाणी ग्राहकाच्या निवासस्थानानुसार आकारून ही गळती रोखली जाते. पण फर्निचर, विद्युत् उपकरणे यांसारख्या वस्तूंबाबत ती टिकून राहते आणि सीमेलगतच्या लहान दुकानदारांना तिची झळ लागते. दूरस्थ विक्रेत्यांकडून कर वसूल न होण्याची जुनी अडचण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ मधील साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या निर्णयाने पुष्कळशी दूर झाली. राज्यात प्रत्यक्ष जागा नसलेल्या विक्रेत्यावरही कर गोळा करण्याचे बंधन घालण्यास त्या निर्णयाने वाट मोकळी केली.

विक्रीकराचे उत्पन्न अस्थिर असते. मंदीत लोक मोटारगाड्या, घरगुती उपकरणे व बांधकामसाहित्य यांची खरेदी पुढे ढकलतात आणि महसूल तत्काळ घटतो. नेमक्या त्याच वेळी साहाय्याची गरज वाढलेली असते. मालमत्ता कराचे निर्धारण सावकाश बदलत असल्याने त्याचे उत्पन्न तुलनेने स्थिर राहते. म्हणून अदलाबदल करणाऱ्या शहराने चांगल्या वर्षांतील उत्पन्नाचा काही भाग राखीव निधीत टाकणे आवश्यक ठरते. जमिनीच्या वापरावरही परिणाम होतो. कॅलिफोर्नियात १९७८ नंतर अनेक शहरे घरांपेक्षा व्यापारसंकुलांना व मोटारविक्रीच्या पेढ्यांना जागा देण्यास अधिक उत्सुक झाली. कारण घरापासून खर्च वाढतो, तर दुकानापासून विक्रीकर मिळतो. घरांच्या टंचाईत या प्रवृत्तीने भर घातली, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

वृद्ध व अल्प उत्पन्नाच्या घरमालकांना दिलासा देणे एवढाच उद्देश असेल, तर त्यांना उत्पन्नाच्या कसोटीवर थेट सवलत देता येते. कर कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ठराविक प्रमाणाबाहेर गेल्यास जादा रक्कम परत करण्याच्या किंवा घराची विक्री होईपर्यंत वसुली तहकूब ठेवण्याच्या योजना अमेरिकेतील अनेक राज्यांत आहेत. काहींत भाड्याचा ठराविक भाग मालमत्ता कर मानून भाडेकरूंनाही परतावा मिळतो. सरसकट कपातीपेक्षा अशा योजनांना खर्च कमी येतो आणि त्यांचा लाभ गरजूंपर्यंत पोहोचतो.

भारतातील स्थिती : भारतात शहरांना विक्रीकराचा अधिकार कधीच नव्हता. वस्तूंच्या व्यापारातून शहरांना मिळणारे त्यांचे प्रमुख उत्पन्न म्हणजे जकात. ती विक्रीवर नसून शहराच्या हद्दीत येणाऱ्या मालावर असे. महाराष्ट्रात नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली. महानगरपालिकांत २०१० पासून टप्प्याटप्प्याने तिची जागा स्थानिक संस्था कराने घेतली. बृहन्मुंबईत मात्र ती ३० जून २०१७ पर्यंत चालू राहिली. १०१ व्या घटनादुरुस्तीने (२०१६) राज्यसूचीतील जकातीची नोंद वगळण्यात आली व १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यानंतर या महानगरपालिकांना राज्य शासनाकडून भरपाई मिळते. त्यामुळे मालमत्ता कर हेच शहरांचे स्वतःचे सर्वांत मोठे करसाधन उरले आहे. १ जानेवारी २०२२ पासून बृहन्मुंबईत ५०० चौ. फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना या करातून सूट देण्यात आली. अमेरिकन शहर अशी कपात करताना दुसरा कर आपल्या मतदारांकडून मागून घेते. भारतीय शहरापाशी असा पर्यायी कर नसल्याने कपातीचा खड्डा इतर मालमत्ताधारकांकडून, राज्याच्या अनुदानातून अथवा नागरी सेवांतील काटकसरीतून भरावा लागतो.