नासासंधानांतील नळ्या : सुश्रुत आणि पुणें

कापलेलें नाक आपल्याकडे कसें जोडीत, याविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. परंतु जोडल्यावर नाकपुड्या मोकळ्या कशा राखीत, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. परंपरेचा माग काढण्यास हाच लहानसा तपशील अधिक उपयोगी आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत, १६ व्या अध्यायांत, हा विधि आला आहे. नाकाच्या मापाचें पान घ्यावें, त्या मापानें गालाची त्वचा काढून नाकाच्या खरवडलेल्या अग्रास जोडावी, दोन नळ्या बसवून नाक उंच करावें, पतंग, ज्येष्ठमध व अंजन यांचें चूर्ण घालावें, मग पांढऱ्या कापसानें झांकून वर तिळाचें तेल शिंपडीत जावें. या नळ्यांनीं कोवळ्या त्वचेस आधार मिळतो आणि श्वासासही वाट राहते.

आतां पुण्याचा दाखला पाहूं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत कावसजी नामक मराठ्याची हकीकत आहे. हा इंग्रजी फौजेकडील बैलहांक्या १७९२ च्या युद्धांत टिपूच्या हातीं सांपडला व नाक आणि एक हात गमावून बसला. वर्षभरानें पुण्याजवळील विटा करणाऱ्या जातीच्या एका गृहस्थानें त्यास नवें नाक बसविलें. त्यानें मेणाच्या पत्र्यानें माप घेऊन कपाळाची त्वचा खालीं वळविली आणि काथ लावलेल्या पट्ट्यांनीं ती चिकटविली. चार दिवसांनीं तुपांत भिजविलेलीं फडकीं आलीं. नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे मात्र दहाव्या दिवशीं घातले.

गाल व कपाळ, पान व मेण, आरंभींच्या नळ्या व दहाव्या दिवसाचे बोळे, हे भेद पाहतां त्या कारागिरानें सुश्रुताचा ग्रंथच अनुसरला, असें म्हणण्यास आधार नाहीं. हेतु एक, परंतु वाट निराळी. लंडनच्या जोसेफ कार्प्यूनें १८१४ सालीं कपाळाच्या त्वचेचीच रीत उचलली व १८१६ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली.

हल्लीं नाकांतील वांकडा पडदा सरळ केल्यावर शल्यवैद्य त्याच्या दोहों बाजूंस सिलिकोनच्या पातळ पट्ट्या ठेवितात. कांहींस श्वासाकरितां नळीही असते. पडदा सरळ राहावा व ओले पृष्ठभाग परस्परांस चिकटूं नयेत, म्हणून त्या बहुधा आठवडाभर राहतात. शस्त्रक्रिया वेगळी, आधार आणि वाट ही जोडी मात्र तीच.

पुण्याच्या त्या कारागिराची विद्या आज आपणांस परक्यांच्या मासिकावरून कळते, ही खेदाची गोष्ट आहे. अमरावती-अकोल्याकडील संग्राहकांस विनंति इतकीच, कीं दप्तरांतून संस्कृत पोथी निवडतांना तूप, काथ व पट्ट्या यांचीं मोडी टिपणें रद्दींत टाकूं नयेत. न जाणो, पुढला पुरावा त्यांतच असेल.