सोळा हंगामांत नऊ अजिंक्यपदं, तरी संघ टिकले नाहीत

1996-97 ते 2011-12. भारताच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचे, म्हणजे 2007 पासूनच्या आय-लीगचे, हे 16 हंगाम. त्यांतली 9 अजिंक्यपदं उद्योगसमूहांच्या संघांनी जिंकली: धेंपो 5, साळगावकर 2, जेसीटी मिल्स 1, महिंद्रा युनायटेड 1. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या सभासदांच्या क्लबांनी प्रत्येकी 3 घेतली, उरलेलं एक चर्चिल ब्रदर्सनं.

आता याच चार संघांचं पुढे काय झालं ते वाचा. महिंद्रानं 2010 मध्ये संघ मोडला, जेसीटीनं 2011 मध्ये. धेंपो आणि साळगावकर 2016 मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. या दोघांचं भांडण भारतीय फुटबॉल महासंघाच्या लीगच्या नव्या आराखड्याशी होतं, हे मान्य. पण हे दोन्ही समूह गोव्यातल्या खाणधंद्यात वाढलेले, आणि 2012 मध्ये तिथल्या लोहखाणी बंद पडल्या होत्या, हेही विसरून चालत नाही. धेंपो पुढे 2024-25 मध्ये आय-लीगमध्ये परतला.

मुंबईच्या महिंद्राचा हिशेब सर्वांत बोचरा आहे. संघ 1962 चा. ड्युरँड करंडक तीनदा (1998, 2001, 2008), फेडरेशन करंडक दोनदा (2003, 2005), आणि डेरिक परेरा यांच्या प्रशिक्षणाखाली 2005-06 चं राष्ट्रीय अजिंक्यपद. मुंबईच्या संघाला ते पहिल्यांदाच मिळालं होतं. त्यानंतर चार वर्षांत, शालेय फुटबॉलवर भर द्यायचा म्हणून कंपनीनं 48 वर्षांचा संघ बंद केला. मुलांसाठी खर्च करणं चांगलंच. पण ज्या संघात जायचं स्वप्न ती मुलं पाहतील, तोच काढून घेतला, हा निर्णय मला आजही पटत नाही.

अमेरिकेत हे फार आधी घडून गेलं. पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम स्टील या पोलाद कंपनीचा संघ 1907 मध्ये उभा राहिला. कंपनीचे प्रमुख चार्ल्स श्वाब यांनी हात सैल सोडला आणि तिथला राष्ट्रीय चषक या संघानं पाच वेळा जिंकला (1915, 1916, 1918, 1919, 1926). 1919 मध्ये तो स्वीडन आणि डेन्मार्कचा दौरा करून आला. त्याच्या आर्ची स्टार्कनं 1924-25 च्या एकाच लीग हंगामात 67 गोल केले. मग लीग आणि महासंघ यांच्यात जुंपली, पाठोपाठ महामंदी आली, आणि 1930 मध्ये संघ संपला. उणीपुरी 23 वर्षं.

या आकड्यांवरून मला एकच गोष्ट दिसते: निव्वळ हरल्यामुळे यातला एकही संघ गेला नाही. मालकाचं मन किंवा धंदा फिरला तेव्हा त्याला थांबवणारे सभासद नव्हते. बागान-बंगालच्या नावापुढेही 1998 पासून एका मद्य समूहाच्या ब्रँडची नावं लागली होती. पुढे तो प्रायोजक गेला, क्लब मात्र राहिले.

शहापूरकरांना हे सांगायचं कारण जवळच आहे. आपल्या वासिंदला 1982 पासून पोलादाचा कारखाना आहे. तो चालवणाऱ्या जेएसडब्ल्यू समूहानं 2013 मध्ये बेंगळुरू एफसी काढला आणि पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकली. पैसा आणि शिस्त असली की किती लवकर फळ मिळतं, ते यातून दिसतं. शिवाय 2013 च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्चायचे असतात, आणि ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण त्यात बसतं.

तेव्हा आसनगाव, वासिंद, मुरबाडच्या मंडळांनी कंपन्यांकडे जरूर जावं. फुटबॉल असो की कबड्डी, मदत मागावी. पण त्याआधी मंडळाची नोंदणी करावी, वर्गणीदार सभासद करावेत आणि मैदानाची कागदपत्रं गावाच्या ताब्यात ठेवावीत. जर्सीवर नाव कंपनीचं चालेल, संघ मात्र गावाच्याच नावावर असू द्या.