काकडी ते दिल्ली : अंतर, वेळ आणि घड्याळ

‘दिल्ली किती लांब?’ या प्रश्नाचे उत्तर आपण किलोमीटरांत देतो की तासांत, हे स्वतःला एकदा विचारून पाहा. अहिल्यानगरहून कर्नाटक एक्सप्रेसने जाणारा प्रवासी ‘जवळपास एक दिवस’ म्हणतो. रेल्वेचा तो मार्ग चौदाशे किलोमीटरांहून अधिक आहे. कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डी विमानतळाचे उद्घाटन झाले. तेथून दिल्लीचे हवाई अंतर मात्र सुमारे १,०२० किलोमीटरच भरते.

हा आकडा आपणही काढू शकता. दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांत सुमारे ८.९ अंशांचा फरक आहे. एका अंशाला १११ किलोमीटर धरल्यास उत्तरेकडे ९८५ किलोमीटरांच्या आसपास जावे लागते. रेखांशांतील फरक पावणेतीन अंशांचा. परंतु ध्रुवांकडे जाताना रेखावृत्ते एकमेकांजवळ येत असल्याने या पट्ट्यात एक अंश सुमारे १०१ किलोमीटरांचाच असतो. म्हणजे पूर्वेकडे साधारण २७५. आता शाळेतील काटकोन त्रिकोण आठवा : कर्ण १,०२० च्या जवळपास येतो. (अंतर फार मोठे असेल, तर ही रीत चालत नाही, तेथे पृथ्वीच्या गोलावरील बृहद्वृत्ताचा कंस मोजावा लागतो.)

ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर सव्वा तासात संपायला हवे. वेळापत्रकात मात्र दोन तासांच्या आसपास वेळ दिसतो. विमानाला धावपट्टीपर्यंत जायचे असते, चढायचे-उतरायचे असते, ठरलेल्या हवाई मार्गांनी वळसे घ्यायचे असतात, आणि दिल्लीच्या आकाशात उतरण्यासाठी कधी थांबावेही लागते. शिवाय वेळापत्रक जागा सोडल्यापासून जागेवर थांबेपर्यंतचा काळ मोजते, केवळ हवेतील नव्हे.

तरीही खरा हिशेब घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो. अहिल्यानगर ते काकडी रस्त्याने ऐंशी किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे दोन तास. देशांतर्गत उड्डाणासाठी सामान देण्याची खिडकी साधारणतः एक तास आधी बंद होते, म्हणून दोन तास आधी पोहोचणे बरे. उतरल्यावर सामान आणि शहरातील प्रवास यांना आणखी दीड-दोन तास. दोन तासांचे उड्डाण असे आठ तासांचे होते! श्रीगोंद्याच्या माणसाला तर काकडीपेक्षा पुण्याचे लोहगाव जवळ पडते. तेव्हा ‘आपल्या जिल्ह्यातील विमानतळ’ हा अभिमान तिकीट काढताना थोडा बाजूला ठेवावा.

हे केवळ गणित नाही. दिल्लीत सकाळी अकराला मुलाखत असेल, किंवा कुणाच्या अंत्यदर्शनाला पोहोचायचे असेल, तर आठ आणि दोन यांतील फरक महाग पडतो. हिवाळ्यात धुके पडले की उड्डाण तासन्‌तास लांबते. मुलाखतीला जाणाऱ्याने म्हणूनच आदल्या दिवशीचे विमान पाहावे.

स्वाध्याय : आपल्या गावाहून दिल्लीतील एका पत्त्यापर्यंतचा वेळ उंबरा ते उंबरा मांडा. एकदा रेल्वेने, एकदा विमानाने.